शहागंजामागचे पाटी नसलेले दुकान

छत्रपती संभाजीनगरात जुन्या वस्तूंच्या दुकानांना तोटा नाही. पितळी समया, पानाचे डबे, निजामी नाणी, बिदरीची भांडी, पाडलेल्या वाड्यांच्या चौकटी आणि खुंट्या असा माल शहरात पुष्कळ ठिकाणी मिळतो. शहागंजाच्या मागच्या गल्लीतले हे दुकान त्या सगळ्यांहून वेगळे आहे. आजारपण, नवस, शिक्षा आणि मरण यांच्याशी ज्यांचा संबंध आहे अशा वस्तू येथे प्रामुख्याने असतात, आणि त्या भंगाराच्या पोत्यातून चुकून आलेल्या नसून मालकांनी वर्षानुवर्षे निवडून, पारखून जमवलेल्या असतात. दुकानाला पाटी नाही. ‘चाचांचे जुने दुकान’ एवढे विचारले की गल्लीतला कोणीही हात करून दाखवतो. अशा वस्तूंना ‘अभद्र’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांची संख्या मोठी असल्याने या दुकानाविषयी सविस्तर आणि गांभीर्याने लिहिणे मला आवश्यक वाटते.

अशा संग्रहाचा शौक युरोप-अमेरिकेत जुना आहे आणि त्याला तेथील रीतिरिवाजांचा आधार आहे. मृताच्या केसांची वेणी घालून केलेली अंगठी, चेहऱ्यावरून घेतलेला प्लॅस्टरचा साचा, काळ्या दगडाचे शोकाचे दागिने या वस्तू तेथील घराघरांत जपल्या गेल्या. १८६१ मध्ये पती वारल्यानंतर व्हिक्टोरिया राणीने अखेरपर्यंत काळा वेष सोडला नाही आणि शोकाच्या वस्तूंचा तेथे मोठा व्यापार चालला. आपल्याकडे नेमके उलट आहे. मृताचे अंथरूण-पांघरूण आणि कपडे देऊन टाकायचे, अस्थी नदीत सोडायच्या, मृत्यूची वार्ता कळवणारे पत्र वाचून होताच फाडायचे, ही आपली रीत. ज्या समाजात मरणाची वस्तू घरात ठेवतच नाहीत, तेथे मरणाच्या वस्तूंच्या दुकानात ठेवायचे तरी काय? या प्रश्नावर बहुतेक विक्रेते प्लॅस्टिकच्या कवट्या आणि विलायती नकला आणून मोकळे होतात. चाचांनी त्याचे उत्तर मराठवाड्यातूनच शोधले आहे, आणि या दुकानाचे मोल मला सर्वांत अधिक वाटते ते याच कारणाने.

आत शिरताच डाव्या हाताच्या काचेच्या कपाटात नवसाचे अवयव मांडलेले आहेत: चांदीच्या पातळ पत्र्यावर ठोकून उठवलेले हात, पाय, कान, पाळणे आणि सर्वांत अधिक डोळे. डोळ्यांची एक जोडी चाचांनी माझ्या तळहातावर ठेवली. पत्रा वहीच्या पुठ्ठ्याहूनही पातळ होता. बुबुळाच्या जागी मागून खिळ्याचा एक ठोका, पापणीच्या कडेला बारीक रेघांची झालर, आणि दोन्ही डोळ्यांच्या टोकांना दोरा ओवण्यासाठी पाडलेली भोके. त्या दोन डोळ्यांपैकी उजवा किंचित लहान आहे, कारण सोनाराने ते साच्यात न पाडता हाताने कापले आहेत. देवीच्या रोगाच्या साथीत असंख्य मुलांची दृष्टी जात असे, आणि मूल वाचले किंवा त्याचे डोळे राहिले तर मरीआईला, शीतळेला किंवा कुलदेवतेला असे डोळे वाहिले जात. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये आढळला आणि १९७७ मध्ये देश देवीमुक्त जाहीर झाला. त्या रोगाची भीती आज जिवंत माणसांच्या बोलण्यातून जवळपास पुसली गेली आहे, परंतु या पत्र्याच्या तुकड्यात ती शाबूत आहे. सराफाच्या दुकानात हीच जोडी वजनावर गेली असती आणि संध्याकाळपर्यंत मुशीत वितळली असती. चाचा तिची किंमत वजनावर लावत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

त्याच कपाटाच्या खालच्या खणात उपचारांची साधने आहेत. शिंगाची तुंबडी प्रथमच पाहणाऱ्याने हातात घेऊन पाहावी: म्हशीच्या शिंगाचे टोक कापून त्याला सुईएवढे भोक ठेवलेले, रुंद तोंडाची कड घासून गुळगुळीत केलेली. कातडीवर बारीक छेद घेऊन ती कड टेकवायची, टोकाकडून तोंडाने हवा ओढायची आणि भोक मेणाने बुजवायचे, म्हणजे आतल्या पोकळीमुळे रक्त ओढले जाते. येथील एका तुंबडीच्या टोकाला अजून काळपट मेणाचा थर आहे. शेजारी डागण्या आहेत, म्हणजे लाकडी मुठीच्या लोखंडी सळया, टोकाला कोठे चपटी टिकली तर कोठे अर्धचंद्र. पोट फुगलेल्या, कावीळ झालेल्या लहान मुलांना या तापवून डाग दिले जात. हा प्रकार पूर्णपणे थांबला असे आजही म्हणता येत नाही, म्हणून त्या पाहताना अंगावर काटा येतो. या वस्तूंजवळ चाचांनी एक कागद लावला आहे आणि त्यावर त्या कशासाठी वापरल्या जात ते सरळ शब्दांत लिहिले आहे. ‘प्राचीन वैद्यकशास्त्राचा चमत्कार’ असले काहीही त्यावर नाही. त्याबद्दल त्यांचे मनापासून कौतुक केले पाहिजे.

मला सर्वाधिक वेळ गुंतवून ठेवले ते पत्रांच्या पेटीने. मृत्यूची वार्ता कळवणारी पोस्टकार्डे फाडून टाकण्याची रीत असल्यामुळेच जी थोडी वाचली ती दुर्मीळ आहेत. यांतली काही निजामाच्या टपालाची आहेत. हैदराबाद संस्थानचे स्वतःचे टपाल होते आणि त्याची तिकिटे १९५० पर्यंत चालत होती, त्यामुळे तिकीट आणि शिक्का पाहून पत्राचा काळ बराचसा ठरवता येतो. मजकूर कोठे मोडीत, कोठे बाळबोधीत, कोठे उर्दूत. वार्ता अशुभ म्हणून माथ्यावर ‘श्री’ नाही. एका कार्डावर वार्तेच्या चार ओळींखाली बाजरीच्या पेरणीचा निरोप आहे, कारण कार्डावर जागा उरली होती आणि पैसे दिलेले होते. अशी पत्रे चाचांनी नावाचा भाग झाकून पारदर्शक पाकिटांत घालून ठेवली आहेत आणि अजून वारस हयात असतील अशी पत्रे ते विकायला काढत नाहीत. प्रेताला खुर्चीत टेकवून, हार घालून, भोवती घरची माणसे उभी करून काढलेल्या फोटोंनाही त्यांनी हाच नियम लावलेला आहे. आयुष्यात ज्याचा एकही फोटो निघाला नव्हता त्याचा निदान एक तरी राहावा, म्हणून हे फोटो काढले जात; त्यांत भयानक काही नाही, आणि ते ‘भुताचे फोटो’ म्हणून विकणाऱ्यांची मला चीड येते.

या धंद्यात वस्तूपेक्षा तिची हकिगत महत्त्वाची असते. पडलेल्या गढीच्या डबरातून निघालेली बेडी आणि कारखान्यात ओतलेली बेडी यांत लोखंडापुरता फारसा फरक नसतो. फरक पडतो तो ती कोठून आली, कोणी आणली, कशाबरोबर निघाली या माहितीने. चाचांकडे एक लांबट, लाल कापडी बांधणीची वही आहे. तिच्यात प्रत्येक वस्तूला क्रमांक, आणणाऱ्याने सांगितलेले गाव, आणण्याची तारीख आणि चाचांना जे पटले नाही त्यापुढे प्रश्नचिन्ह अशी नोंद असते. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंचा व्यापार करायचा तर १९७२ च्या पुरावशेष आणि कलानिधी कायद्यानुसार परवाना लागतो आणि नोंदवह्याही ठेवाव्या लागतात. हस्तलिखितांसाठी ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे. चाचांचा परवाना गल्ल्यामागच्या भिंतीवर लावलेला आहे. परंतु कायद्याला न लागणाऱ्या, पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या सिरिंजचीही ते त्याच वहीत तितकीच तपशीलवार नोंद करतात, तेव्हा ही सवय केवळ तपासणीच्या धाकाने जडलेली नाही हे कळते. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावच्या शेतांतून आणि पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडांतून निघणाऱ्या वस्तू जमवल्या, त्या आज त्यांच्याच नावाच्या शासकीय संग्रहालयात आहेत, आणि प्राचीन तगर नगरीचे, म्हणजे जुन्या तेरचे, वैभव सांगताना त्यांचा दाखला दिला जातो. जमवणारा माणूस गावातला असला आणि वस्तू गावाशी जोडलेली राहिली तर एका व्यक्तीच्या छंदातून काय उभे राहू शकते याचे ते उदाहरण मराठवाड्याच्या डोळ्यांसमोर आहे.

आता या दुकानात जे मिळत नाही त्याविषयी लिहिले पाहिजे, कारण माझ्या मते तेच त्याचे खरे प्रमाणपत्र आहे. येथे हत्ताजोडी मिळत नाही. एका दुर्मीळ झाडाची मुळी म्हणून, तिजोरीत ठेवली की पैसा टिकतो असे सांगून जी विकली जाते, ती प्रत्यक्षात नर घोरपडीची वाळवलेली जननेंद्रिये असतात. २०१७ मध्ये हा प्रकार मोठ्या प्रमाणावर उघडकीस आला आणि तरीही जत्रांतून ती अजून खुलेआम मागितली जाते. येथे कोल्ह्याचे शिंग म्हणून विकली जाणारी सियारसिंगीही नाही, कारण कोल्ह्याला शिंग नसतेच. काळविटाच्या शिंगांचे, फकिरांच्या हाती असणारे माडू हे शस्त्र कितीही देखणे असले तरी येथे ठेवत नाहीत. वाघनखे, हस्तिदंत, पेंढा भरलेली मुंडकी यांची चौकशी करणाऱ्यांना चाचा पहिल्याच वाक्यात नकार देतात. म्हैसूरच्या व्हॅन इंगेन यांच्या कारखान्यात पेंढा भरून घेतलेल्या वाघ-बिबट्यांची मुंडकी जुन्या घराण्यांकडे अजून आहेत, परंतु त्यांचे मालकी प्रमाणपत्र असले तरी ती वारसाला देता येतात, विकता येत नाहीत. शिवाय जुन्या पद्धतीने पेंढा भरताना कातड्याला सोमल (आर्सेनिक) घातलेला साबण चोळत असत, तेव्हा अशा वस्तूंना उघड्या हाताने झटकणेही धोक्याचे आहे, हे ज्यांच्या घरी त्या वारशाने आलेल्या आहेत त्यांनी लक्षात ठेवावे.

मानवी हाडांच्या बाबतीत चाचांची भूमिका मी स्वतः पाहिली. मी दुकानात असताना एक तरुण लाकडी पेटी घेऊन आला. त्याचे काका डॉक्टर होते, ते वारल्यावर माळा आवरताना पेटी सापडली होती. आत वैद्यकीय शिक्षणाचा हाडांचा संच होता, आणि त्यातल्या कवटीवर, मांडीच्या हाडावर लाल आणि निळ्या शाईच्या रेघा होत्या: लाल रेघ जेथे स्नायू सुरू होतो तेथे, निळी जेथे तो जोडला जातो तेथे. घाटीचे, म्हणजे शहरातले शासकीय वैद्यकीय, महाविद्यालय १९५६ मध्ये सुरू झाले, पुढे अंबाजोगाईचे निघाले, आणि मराठवाड्यातल्या डॉक्टरांच्या कित्येक पिढ्या मोठ्या विद्यार्थ्याकडून धाकट्याकडे जाणाऱ्या अशाच संचांवर शिकल्या. भारत हा एके काळी जगभरच्या महाविद्यालयांना सांगाडे पुरवणारा सर्वांत मोठा देश होता. कलकत्त्यातून चालणारा तो व्यापार १९८५ च्या निर्यातबंदीनंतर कायद्याने थांबला, आणि ती हाडे कोणाची होती, कोणाच्या संमतीने आली, हे विचारण्याची तसदी त्या काळात फार थोड्यांनी घेतली. परदेशी संग्राहक अशा रेघा असलेल्या कवटीला चांगली किंमत देतात हे चाचांना ठाऊक आहे. त्यांनी पेटीचे झाकण लावले, तरुणाला चहा मागवला आणि म्हणाले, “बाळा, हे माणूस हाय. माणसाची किंमत मी करीत नसतो. घाटीत शरीररचनेच्या विभागात नेऊन दे, पोरं शिकतील.” तरुणाने निदान रिकामी पेटी तरी घ्या असे म्हटले, तर ती मात्र हाडे पोचती केल्यावर आण, असे चाचा म्हणाले. मी या व्यवसायातले अनेक विक्रेते पाहिले आहेत. दारात आलेला असा माल परत पाठवणारा मला दुसरा भेटलेला नाही.

तरीही काही गोष्टी या दुकानात खटकतात आणि त्या सांगितल्या नाहीत तर हे लेखन अपुरे राहील. काउंटरवरच्या एका परातीत देवघरातले जुने टाक, म्हणजे प्रतिमा उठवलेले धातूचे छोटे पत्रे, ठेवलेले असतात. खंडोबा-भवानीचे टाक घरे मोडल्यावर बाजारात येतात, हे दुःखद असले तरी समजू शकते. परंतु त्यांत पूर्वजांचे, वीरांचे टाकही सरमिसळ पडलेले आहेत, आणि त्यांची नोंद वहीत ‘टाक, मिश्र’ एवढीच आहे. घोड्यावर बसलेला तो पुरुष कोणाच्या तरी घराण्यातला अकाली गेलेला माणूस होता, होळीला किंवा लग्नकार्यात त्याला नैवेद्य दाखवला जात होता. पत्राच्या बाबतीत जी जपणूक चाचा दाखवतात ती टाकाच्या बाबतीत का नाही, याचे समाधानकारक उत्तर मला मिळाले नाही. ‘लोक वितळवायलाच निघाले होते, मी वाचवले’ हे त्यांचे म्हणणे खरे आहे, पण वाचवलेल्या वस्तूचे गाव लिहून ठेवायला एक ओळ पुरते.

मागच्या अंगणात भिंतीला टेकवलेली एक सतीशिळा, म्हणजे सती गेलेल्या स्त्रीच्या स्मरणाचा दगड, आहे. वर चंद्र-सूर्य, मध्ये काटकोनात वळलेला, मनगटात बांगड्या असलेला हात. खालचा भाग तुटलेला. ती एका गढीच्या डबराबरोबर ट्रकमधून आली, असे सांगण्यात आले. ती विक्रीला नाही, याविषयी शंका नाही. पण मराठवाड्यातल्या गावांत मारुतीच्या पारापाशी, वेशीजवळ उभ्या असलेल्या वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळा) आणि सतीशिळा म्हणजे त्या गावांचा लेखी नसलेला इतिहास आहे, आणि शिळा जागेवरून हलली की तो पुसला जातो. ती पुरातत्त्व विभागाच्या स्वाधीन करावी असे मी त्यांना स्पष्टपणे सांगितले आहे आणि येथेही लिहीत आहे. हा माणूस हाडे परत पाठवतो म्हणूनच त्याच्याकडून ही अपेक्षा आहे.

बेड्या आणि कुलपांच्या कोपऱ्यात खरेदीदाराने सावध राहावे. तेथे एक अस्सल लाकडी खोडा आहे, पायांसाठीची भोके वर्षानुवर्षांच्या घर्षणाने एका बाजूला गुळगुळीत झालेला, आणि तो पाहण्यासारखा आहे. त्याच्याच शेजारी टांगलेल्या बेड्यांपैकी निम्म्या तरी नव्या लोखंडाला ॲसिड मारून गंजवलेल्या आहेत. ओळखण्याची खूण सोपी आहे: खऱ्या बेडीची कडी जेथे दुसऱ्या कडीवर घासते तेथे लोखंड झिजून चमकते आणि बाकीच्या भागावर गंजाचे थर कमी-अधिक असतात, नकलेत गंज सर्वत्र सारखा असतो आणि सांध्यांत झीज नसते. विचारले तर चाचा स्वतःच ‘हे नवं हाय’ असे सांगतात, मात्र चिठ्ठीवर ‘निजामकालीन’ लिहिलेले आहे. न विचारणाऱ्या गिऱ्हाइकाची त्यामुळे फसगत होते, आणि ज्या दुकानाची सारी पत खरेपणावर उभी आहे त्याला ही चिठ्ठी शोभत नाही. पाऱ्याचे रक्तदाबमापक यंत्रही त्यांनी ताबडतोब काढून टाकावे. त्याच्या नळीच्या बुडाशी पाऱ्याचे थेंब जमलेले मला दिसले, आणि बंद, कोंदट खोलीत पाऱ्याची वाफ घेणे कोणाच्याही हिताचे नाही.

किमती वाजवी आहेत, पण घासाघीस फारशी चालत नाही. डबीसह काचेची सिरिंज ६०० रुपयांना, शिंगाची तुंबडी ९००च्या आसपास, पोस्टकार्डे १५० पासून पुढे. चांदीच्या डोळ्यांची जोडी मी २,८०० रुपयांना घेतली. चांदीच्या भावाने पाहिले तर ती महाग पडते, परंतु वहीत तिच्यापुढे परभणी जिल्ह्यातल्या एका गावाचे नाव आणि ‘देवीचं देऊळ नवं बांधलं तेव्हा पेटीतून’ अशी ओळ आहे, आणि मी पैसे त्या ओळीचे मोजले. वस्तू बांधून देण्याची पद्धत उत्तम आहे: आम्लविरहित कागद येथे मिळत नसल्याने चाचा जुन्या, वारंवार धुतलेल्या मलमलीचा वापर करतात, आणि वर्तमानपत्राची शाई चांदीला किंवा कागदाला लागू देत नाहीत.

उजेड कमी आहे, म्हणून शक्यतो सकाळी अकरा ते एकच्या दरम्यान जावे. शुक्रवारी दुपारी दुकान बंद असते. गल्लीत चारचाकी शिरत नाही. गाडी शहागंजच्या मैदानाकडे लावून चालत यावे. लहान मुलांना बरोबर नेण्यास हरकत नाही. चाचा त्यांना तुंबडी कशी चालते ते तोंडाला न लावता नीट समजावून देतात. फोटो काढण्यापूर्वी परवानगी घ्यावी. पत्रे आणि माणसांच्या फोटोंची छायाचित्रे ते काढू देत नाहीत. पैसे मोबाइलवरून देता येतात. पावती हाताने लिहिलेली मिळते, आणि तिच्यावर वहीतल्या नोंदीचा क्रमांक व गावाचे नाव आवर्जून लिहून घ्यावे; चाचा ते आपणहून लिहीत नाहीत, पण मागितले की वही उघडून समोर ठेवतात.